पातेरा

पातेरा जाळायचा तर सकाळी,
मतलई असेतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
सड्यावर एकटी राहणारी बाई
वारा नाकाने ओळखते.
दहा-साडेदहाला तो जरा थबकतो,
खाडीच्या मुखाशी उभा राहिल्यासारखा,
आणि मग फिरतो.

त्या दिवशी पेज उतू गेली.
एवढंच.
चूल पुसून मी बाहेर आले
तोवर आग गडग्यापलीकडे.

पलीकडे म्हणजे भालचंद्र मिठबावकराची काजू.
सात कलमं, तिसऱ्या वर्षाची, पहिलाच मोहर.
ठिबकची नळी, चाळीसेक हात.
गडग्यावर वाळत टाकलेलं कांडाळ.
नायलॉन भडकत नाही लगेच, आधी आक्रसतं,
मग काळे थेंब गळतात त्याचे
जांभ्या दगडावर.
ते डाग अजून आहेत.

तो धक्क्यावरून धावत आला, अनवाणी.
आइनाचे टाळे तोडून आम्ही दोघं झोडत होतो,
तो माझ्या बाजूला, मी त्याच्या.
आग विझेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
विझल्यावर तो म्हणाला,
"तुका वारो दिसलो नाय?"
मी म्हणाले, "वारा दिसतो होय कुणाला?"

हे मी म्हणायला नको होतं.

मग माणसं जमली.
चुलत दीर मुंबईहून फोनवर:
त्याची कलमं हद्दीबाहेर असणार, मोजणी घाल.
खालच्या घरची प्रमिला:
त्याच्या माडाची झावळ पडली होती ना तुझ्या पडवीवर,
ते काढ आता.
मी काढणारच होते.
पाच कौलं. पावसाच्या तोंडावर.
तेव्हा गप्प बसले होते, पण मोजून ठेवली होती.
तंटामुक्तीचे अध्यक्ष आले,
दोन्ही घरी चहा प्यायले,
दोन्ही घरी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

चौथ्या दिवशी त्याची मुलगी आली,
उंबऱ्याबाहेरूनच कागद दिला.
चौकटीच्या वहीचं पान, अक्षर तिचंच:

काजू कलमं, सात.
नळी, जळली तेवढीच.
कांडाळ, दोन वर्षं वापरलेलं, म्हणून निम्मे.
शेवगा एक, आपोआप रुजलेला, पैसे नकोत.
वजा: तुमची कौलं, पाच.

शेवटची ओळ मी पुन्हा वाचली.
म्हणजे त्यानेही मोजली होती.
इतके दिवस सांभाळलेलं माझं हत्यार
त्याने आधीच हिशेबात धरलं होतं,
आता भांडायला माझ्या हातात काही उरेना
आणि त्याचाच मला जास्त राग आला.
रात्री प्रमिलाला सांगितलं नाही.
मोजणीचा अर्ज डब्यात आहे, पिठाखाली.

पैसे तीन हप्त्यांत दिले,
बी विकली तशी.
तिसऱ्या वेळी मुलगी वीस रुपये परत घेऊन आली:
नळी स्वस्त मिळाली म्हणून.

आम्ही बोलत नाही.
देवळात तो डावीकडे बसतो, मी दाराशी.
पण गडग्याच्या दोन्ही अंगांना
आता आठ-आठ हात जमीन खरवडलेली असते;
त्याची बाजू तो, माझी मी,
आणि मधलं खिंडार कुणी बुजवलं माहीत नाही.
दगड माझ्या ढिगातले आहेत.

पातेरा गोळा झाला की
काडी ओढण्याआधी मी त्याला मिस्ड कॉल देते.
त्याने कापला तर थांबायचं:
जाळं वाळत असेल, नाहीतर कपडे.
वाजत राहिला तर लावायचं.

आज वाजत राहिला.
मी काडी ओढली.
धूर सरळ वर गेला, मग खाडीकडे झुकला,
आणि गडग्यापलीकडून
ओलं गोणपाट झटकल्याचा आवाज आला,
एकदा.